पावलेकाकांचे बोलके पोट

सिनेमात नायक जिना उतरतो तेव्हा जे पाऊल ऐकू येते ते नायकाचे नसते. शूटिंगच्या वेळी त्या जिन्याशेजारी पंखे घरघरत असतात, कुणीतरी नेमके तेव्हाच शिंकते आणि नायकाचे बूट कपडेपटातून आलेले, पायाला मोठे होणारे असतात. ती पावले नंतर एका बंद खोलीत, पडद्यावरच्या पायांवर नजर ठेवून, भलताच माणूस टाकतो. या गोष्टीतला तो भलता माणूस म्हणजे पावलेकाका. हे त्यांचे आडनाव नव्हे. खरे आडनाव पगारपत्रकापुरते होते. बाकी स्टुडिओत, घराच्या जिन्यावर आणि कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडेही ते पावलेकाकाच होते.

त्यांच्या खोलीच्या जमिनीत चौकोनी खड्डे होते. एकात वाळू, एकात खडी, एकात फरशीचा तुकडा, एकात फळ्या. एका खड्ड्यात जुन्या टेपांचा गुंता भरलेला होता, त्याच्यावरून चालले की हुबेहूब गवत वाजे. काकांनी त्या खोलीत चोर चालवले, नवऱ्या चालवल्या, एकदा घोडा चालवला. पडद्यावरच्या प्रेमिकांची चुंबने ते स्वतःच्या मनगटावर घेत आणि त्या वेळी काचेपलीकडे बसलेली रेकॉर्डिस्ट सभ्यपणे दुसरीकडे बघे. तिला सगळे ताई म्हणत. मारामारीत हाड मोडायचे असेल तर काका ओल्या फडक्यात गाजर गुंडाळून मोडत आणि काम झाले की मोडलेली हाडे खाऊन टाकत.

खोलीत यायचे तर घड्याळ नको, किल्ल्या नकोत, कडक इस्त्रीचा सदरा नको. तिथला मायक्रोफोन इतका चोंबडा होता की त्याला पापणी मिटल्याचेही कळायचे. याच चोंबड्याने काकांची पंचाईत केली.

झाले असे की एका सिनेमात पंचविशीची नायिका प्रियकराला भेटायला टेकडी चढत होती. काकांनी तिची पावले नाजूकपणे टाकली. पण ऐकताना असे दिसले की पडद्यावर हरिणीसारखी मुलगी आहे आणि तिला जबर दमा आहे. काकांचे वय साठीला टेकले होते आणि पोट त्याच्याही पुढे गेले होते. ताईने तो तुकडा पुन्हा वाजवला. मग काकाच म्हणाले, की ही मुलगी प्रियकरापर्यंत पोचणार नाही, वाटेत दवाखान्यातच नेऊन ठेवावी लागेल.

घरी येऊन त्यांनी हे बायकोला सांगितले, तिथपर्यंत ठीक होते. चूक एवढीच झाली, की ते सांगताना मेहुणा तिथे बसला होता.

काकांची बायको एका तरणतलावात मुलांना पोहायला शिकवायची. दिवसभर पाण्यावरून ओरडायची सवय, त्यामुळे ती घरात मीठ मागायची तरी शेजारचे दचकायचे. तिचा हा धाकटा भाऊ ऑफिसांना खुर्च्या विकत असे आणि खुर्च्यांपेक्षा जास्त आहार विकत असे. आहाराचे पैसे घेत नसे, एवढाच फरक. दर थोड्या दिवसांनी त्याच्या अंगात नवा आहार संचारायचा. भावजींची धाप ऐकून त्याचे डोळे लकाकले.

आधी गहू गेला. गहू म्हणजे खळ, भावजी, आतड्यांना चिकटतो, असे मेहुण्याचे म्हणणे. मग दूध आणि दही गेले. मोठेपणी दूध पिणारा एक तरी प्राणी दाखवा, असे त्याने आव्हान दिले. काका म्हणाले, मांजर. मेहुणा म्हणाला, मांजर चोरून पिते, म्हणजे त्याला आपले चुकते आहे हे कळते. मग वायू करतात म्हणून डाळी, शेंगा आणि कोबी गेला. जमिनीखाली जे जे वाढते ते अंधारातले म्हणून गेले, त्यात बटाटा, कांदा आणि कामावरची मोडलेली हाडेही गेली. तांदूळ गेला, साखर असते म्हणून फळे गेली. पालेभाजीला मेहुण्याने नेमके काय नाव ठेवले ते काकांना पुढे आठवेना, पण तीही गेली. शेवटी ताटात उकडलेली अंडी आणि काकडी उरली, आणि सोबतीला गरम पाणी.

बायकोने सुरुवातीला विरोध करून पाहिला, मग हात टेकले. ती समोर बसून चारी ठाव जेवायची आणि काका अंडे सोलत तिच्या ताटाकडे अशा नजरेने बघायचे, की तिला घास घशाखाली उतरवायला आडोसा करावासा वाटे.

आता खरे बोलायचे तर वजन उतरले. धाप गेली. पुढची नायिका गड चढली तरी तिला दम लागला नाही. स्टुडिओत कौतुक झाले, मेहुणा छाती फुगवून फिरला. पण आतली गोष्ट वेगळीच होती. सकाळचे काम संध्याकाळवर गेले, मग परवावर गेले, मग त्याची वाट बघणेही बंद झाले. कंबर बारीक आणि तरी पोट नगाऱ्यासारखे ताणलेले. मधेच अशी कळ यायची की काका चालता चालता रस्त्यात एखाद्या दुकानाची पाटी वाचत थांबायचे. स्वभावही बिघडला. गेली कित्येक वर्षे ज्या लाकडी दाराची करकर ते सिनेमात वापरत, त्या दाराशी त्यांनी एकदा चक्क भांडण काढले.

आणि मग तो आवाज सुरू झाला.

ताईला तो प्रथम हेडफोनमध्ये आला. लांबून येणारा, खोल, ओला आणि काहीसा दुखावलेला. तिने टेप थांबवली. काकांनी कान टवकारले. पाण्याचा पाइप असणार, असे त्यांचे मत पडले. या शहरात त्यांच्याएवढा तयार कान दुसऱ्या कुणाचा नव्हता, त्यामुळे शोध त्यांनीच घ्यायचा ठरला. त्यांनी भिंतीला कान लावला, आवाज भिंतीतून आला. खडीच्या खड्ड्यावर वाकले, आवाज खडीतून आला. फळ्या उचकटल्या, तर आवाज फळ्यांखालीही होताच. शेवटी शिडी लावून ते छताजवळ गेले आणि वरून ओरडले, की ताई, सगळी इमारतच पोकळ झालीय, कधी पडेल सांगता येत नाही. प्लंबर आला. त्याने तासभर सगळे ठोकून बघितले आणि माझ्या कुठल्याही पाइपची ही तक्रार नाही, असे सांगून गेला. अख्ख्या शहरात फक्त पावलेकाकाच असे होते, की ज्यांना जगातला कुठलाही आवाज कुठून येतो ते सांगता यायचे, पण जो आवाज ते स्वतःच बरोबर घेऊन हिंडत होते तो कुठून येतो, तेवढे सांगता येत नव्हते.

काका हात धुवायला बाहेर गेले आणि खोली चिडीचूप झाली. परत आले आणि इमारत पुन्हा कण्हली. ताईने डोक्यावरचे हेडफोन काढले, काचेपलीकडे बोलायचे बटण दाबले आणि अगदी हळू म्हणाली, "काका, जरा पोटावर हात ठेवा बघू."

काकांनी ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते बघून ताई टेबलाखाली वाकून हसली.

हे हसू सरते न सरते तोच दिग्दर्शक आत आला. त्याच्या सिनेमात एका तळ्याच्या तळाशी राहणारा अवाढव्य प्राणी होता. प्राणी कॉम्प्युटरवर तयार झाला होता, त्याची कातडी, शेपूट, डोळे सगळे जमले होते, फक्त आवाज जमत नव्हता. तयार आवाजांचे भांडार त्याने पालथे घातले होते. काकांनी लोखंडी कपाट फरशीवरून ओढून दिले, ओले चामडे पिळून दिले, पण प्रत्येक वेळी दिग्दर्शक मान हलवायचा. आवाजात राग आहे पण दुःख नाही, असे काहीतरी म्हणायचा. या प्राण्यावर काकांचे सगळेच अवलंबून होते. कारण स्टुडिओच्या मालकाने ठरवून टाकले होते, की हल्ली पावलेसुद्धा तयार मिळतात, तेव्हा या सिनेमानंतर ही खोली रिकामी करायची आणि तिथे सामान ठेवायचे. खोली गेली की काकाही गेलेच. उलट दिग्दर्शकाने शब्द दिला होता, की माझ्या प्राण्याला जी खोली आवाज देईल, तिथेच माझे पुढचे सगळे सिनेमे येतील. एवढे काम मिळाले तर मालकही खोलीला हात लावणार नव्हता.

तर दिग्दर्शक आत आला आणि चुकून चालू राहिलेल्या टेपवर त्याने ती इमारत कण्हताना ऐकली. तो जागच्या जागी खिळला. पुन्हा वाजवायला सांगितले. मग त्याने डोळे पुसले. हाच, म्हणाला, हाच माझा प्राणी, हा कुठे सापडला.

ताईने तोंड उघडले. काकांनी काचेआडून दोन्ही हात जोडले. ताईने तोंड मिटले आणि मग सांगितले, की एक जुने उपकरण आहे, काकांनाच ते चालवता येते आणि परक्या माणसासमोर ते चालत नाही.

यानंतरचे दिवस असे गेले, की आठवले की ताईला आजही उचकी लागते. काका लाकडी बाकावर उताणे पडत, ताई त्यांच्या बेंबीवर मायक्रोफोन टांगे आणि काचेमागे जाऊन बसे. काकांनी या कामाचाही नीट अभ्यास केला. डाव्या कुशीवर वळले की राग येई. उजव्या कुशीवर विरह. गरम पाणी घोटघोट प्यायले की प्राणी जवळ येतोय असे वाटे आणि गटागट प्यायले की हल्ला. दिग्दर्शक दाराबाहेर उभा राहून चिठ्ठ्या आत सरकवायचा. उपकरणाला थोडा एकाकीपणा देता येईल का, अशी एक चिठ्ठी आली. काकांनी दुपारचे अंडे सोडले आणि एकाकीपणा दिला. उपकरण बिचकू नये म्हणून दिग्दर्शक दाराजवळून चवड्यांवर चालायचा, आणि काकांच्या कानाला ते लगेच कळायचे, की याचा डावा पाय जरा जड पडतो.

काकांचे पोट दुखत होते, पण ते चालू होते. खायला सुरुवात केली तर ते गप्प होईल आणि खोली जाईल, या धास्तीने त्यांनी काकडीही अर्धी केली.

प्राणी होडी उलटी करतो त्या दृश्याच्या दिवशी काकांनी सकाळपासून पाण्यावर काढले. आवाज असा निघाला, की मीटरचा काटा टोकाला जाऊन टेकला. काका समाधानाने बाकावरून उठले, त्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि ते टेपांच्या गवतात आडवे झाले.

ताईने फोन केला. बायको तरणतलावावरून तशीच आली, केस ओले, गळ्यात शिट्टी. नवरा गवतात पडलेला बघून तिने सवयीने शिट्टी फुंकली. त्या खोलीत तोवर एवढा मोठा आवाज कुणी केला नव्हता. काका ताडकन उठून बसले. मग ताईने सगळे सांगितले, आणि बायकोला आधी हसू फुटले, मग ते अर्ध्यात थांबले.

"अहो, घरात बायकोनं रांधलेलं चालत नाही, आणि तळ्यातल्या जनावरासाठी उपाशी मरता?" ती म्हणाली. हे मात्र ती हळू म्हणाली, त्यामुळे काका जास्त घाबरले.

डॉक्टरीणबाई तिच्याच तलावावर पोहायला यायच्या. त्यांनी काकांचे पोट दाबून पाहिले, आणि पोटाने उत्तर दिले तेव्हा त्या दचकून मागे सरल्या. मग त्यांनी समजावून सांगितले. आतड्यांत सूक्ष्म जिवाणूंची मोठी वस्ती असते आणि तिथे प्रत्येकाचे खाणे वेगळे. कुणी डाळीवर जगतो, कुणी पालेभाजीच्या चोथ्यावर, कुणाला कांदा लागतो. हे लोक आपले अन्न पचवायला मदत करतात, पोट साफ ठेवतात. काकांनी एकाच झटक्यात सगळ्यांची खानावळ बंद केली. निम्मी वस्ती उठून गेली, उरलेली उपाशीपोटी कुरकुरते आहे. एखाद्याला एखादा पदार्थ खरोखर सोसत नाही, तेव्हा तपासून तेवढाच बंद करायचा असतो. इथे तर कुणाला न विचारता सगळ्यालाच बंदी. औषध काय, तर जेवा. हळूहळू, एकेक पदार्थ, थोडा थोडा वाढवत.

काका खुर्चीच्या कडेवर बसून हात चोळत होते. "डॉक्टर, सिनेमा पुरा होईपर्यंत थांबता नाही का येणार?" ते म्हणाले. "माझं पोट सध्या नोकरीवर आहे."

बायकोने शिट्टी ओठांशी नेली. काका लगेच म्हणाले, की ठीक आहे, जेवतो.

पहिल्या दिवशी डाळीचे पातळ पाणी घेतले. वाटीत बोट बुडवून चाटताना त्यांना डोळ्यांतले पाणी आवरेना, काही डाळीमुळे आणि काही खोलीच्या विचाराने. दुसऱ्या दिवशी चमचाभर शिजवलेला कोबी आणि कांदा. मग ते स्टुडिओत जाऊन, आता सगळे संपले असे ताईला सांगायला म्हणून बाकावर पडले.

पोट संपले नव्हते. पोटात शाळा सुटली होती. बुडबुडे, किलबिल, मधेच लांब शीळ, मग एकदम कुणी जिन्यावरून गडगडत खाली यावे तसे काहीतरी. डॉक्टरीणबाईंनी हे सांगून ठेवले होते, की उठून गेलेली वस्ती परत येऊ लागली की आधी गडबड करणारच, घाबरू नका. काका घाबरले नाहीतच, ते ऐकत राहिले. पडल्या पडल्या हसू लागले तर हसण्यानेही पोट वेगळे वाजे. ताईने सगळे रेकॉर्ड केले.

दिग्दर्शकाने ऐकले आणि म्हणाला, प्राणी हसतोय. हा हसतोही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या गोष्टीत शेवटी गावकरी प्राण्याला मारणार होते. त्या एका रात्रीत त्याने गोष्ट बदलली. आता मरण रद्द झाले, प्राण्याला एक पिल्लू मिळाले आणि दोघे तळ्यात उलथेपालथे होऊन खेळू लागले. दोन दृश्ये कांद्याने निभावली. पिल्लाचे बोबडे बोल पूर्णपणे कोबीचे. वाटाण्याने तर प्राण्याला एक अख्खे गाणे म्हणायला लावले. ताई आता टेपांवर दृश्याच्या नावाआधी भाजीचे नाव लिहायची.

आणि दरम्यान काका बरे होत होते. दही परत आले, मग तांदूळ, मग गहू. फळे आली त्या दिवशी त्यांनी एका सफरचंदाचा चावा इतका मन लावून घेतला, की ताईने तोही रेकॉर्ड करून ठेवला. सकाळी ते न्हाणीघरातून गुणगुणत बाहेर येऊ लागले. पोट मऊ झाले, कळ गेली, दाराशी समेट झाला. फक्त एक गोष्ट रोज थोडी थोडी कमी होत होती, ती म्हणजे आवाज.

एक दिवस तो बंद झाला. ताईने मायक्रोफोन पोटाला चिकटवला. काका डावीकडे वळले, उजवीकडे वळले, गटागट पाणी प्यायले. आतून फक्त काळजाचे ठोके आले, ते देखील अगदी शांत. आणि सिनेमातले एकच दृश्य उरले होते, शेवटचे. प्राणी माणसांकडे एकदा मागे वळून बघतो, एकच लांब आवाज करतो आणि तळाशी निघून जातो. पिल्लाचा आवाज तिथे चालणार नव्हता. पहिलाच आवाज हवा होता, उपाशी दिवसांतला, तोही आणखी खोल.

त्यात मालकाचा निरोप आला. दिग्दर्शकाने ते उपकरण भाड्याने मागितले आहे. तो परवा गाडी आणि हमाल घेऊन येणार, शेवटचा आवाज तोवर झाला नसेल तर उपकरण घेऊन जाणार आणि तो दुसरीकडे करून घेणार. उपकरण आणि त्याचे पुढचे सिनेमे गेले की खोलीत राहण्यासारखे काही उरत नाही, तेव्हा त्याच दिवशी ती रिकामी करायला हरकत नाही. ताई हे वाचून दाखवत असताना काकांच्या पोटात गोळा आला. पण त्याचाही आवाज झाला नाही.

त्या संध्याकाळी मेहुणा घरी आला. काका जेवायला बसलेले बघून त्याने तोंड फिरवले. आपण आता काकडीही सोडली, असे त्याने सांगितले. काकडीत पाणी फार असते. तो पुढे बोलणार, इतक्यात त्याचे पोट बोलले.

काकांचा घास हातातच राहिला. बरगड्यांखाली उगम पावून तो आवाज वळसा घेत खाली गेला, मधे अडखळला, आणि अजून खाली, अजून खाली, जिथून परत येता येत नाही अशा ठिकाणी जाऊन पोचला. प्राणी तळाशी चालला होता. काकांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

त्यांनी मेहुण्याला विचारले, उद्या स्टुडिओत येतोस का, थोडे काम आहे, बाकावर नुसते पडायचे. हे कोणते काम ते त्यांनी खरे खरे सांगितले. मेहुण्याला अजिबात राग आला नाही. उलट सिनेमात आपण असणार, या विचाराने तो फुलून आला. हवे तर उद्यापर्यंत पाणीही घेत नाही, म्हणाला, आवाज आणखी रसरशीत येईल. पोटाने त्याच्या बोलण्याला पुन्हा दुजोरा दिला आणि बायको तोंडावर पदर धरून हसत आत पळाली. काकाही हसले. खोली वाचली होती. सोपे होते, फक्त या माणसाला एक दिवस आणखी जेवू द्यायचे नव्हते.

हसता हसता मेहुण्याने पोट धरले आणि तो वाकला. वर बघितले तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. बहिणीला ऐकू जाणार नाही अशा बेताने तो म्हणाला, "भावजी, पोट साफ होऊन किती दिवस झाले तेच आठवत नाही. रात्र रात्र दुखतं. सांगू कुणाला? अख्ख्या गावाला हे मीच शिकवत फिरलोय."

ती पाटी वाचत थांबायला लावणारी कळ काकांनी ओळखली. मग त्यांनी स्वतःसमोरचे डाळीचे भांडे ओढले, वरचे पातळ पाणी निथळून वाटीत घेतले आणि वाटी मेहुण्याच्या हातात दिली.

"सावकाश पी," ते म्हणाले. "आधी ओरडेल, ओरडू दे."

मेहुण्याने दोन्ही हातांनी वाटी धरून ती प्यायली. काकांनी त्याच्याकडून दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे जायचे वचन घेतले. त्या पोटातला तो आवाज आता रेकॉर्डिंगला उरणार नव्हता. काकांनी तो पुन्हा पुन्हा मनात ऐकला, जेवण संपेपर्यंत, आणि हात धुताना त्यांची बोटे नळाखालचे पाणी दाबून, अडवून, पुन्हा सोडून बघत राहिली.

ठरल्या दिवशी दिग्दर्शक गाडी घेऊन आला. बरोबर दोन हमाल, दोरखंड आणि उपकरणाला धक्का लागू नये म्हणून कापसाची गादी. काका खोलीच्या कोपऱ्यात डबा उघडून जेवत बसले होते. दिग्दर्शकाने नेहमीच्या सवयीने आवाज खाली आणला आणि विचारले, उपकरण कुठे आहे.

काकांनी घास गिळला, सदरा वर केला आणि सांगितले, की हे.

काचेपलीकडे ताईने डोळे मिटून घेतले. हमालांनी एकमेकांकडे बघितले. दिग्दर्शक मात्र चिडला नाही. तो गुडघ्यावर बसला आणि त्याने काकांच्या पोटाला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग वर बघून एखाद्या आजारी माणसाच्या नातेवाइकासारखा म्हणाला, "हे बंद पडलंय का?"

"नाही," काका म्हणाले. "दुरुस्त झालंय. आता ते जेवतं फक्त."

दिग्दर्शक खाली बसला. गोष्ट त्याच्या डोक्यात हळूहळू उतरली. एकाकीपणाची चिठ्ठी, दुपारचे अंडे, पिल्लू, गाणे. तो हसायला लागला, थांबेना, हसता हसता गादीवर आडवा झाला. मग एकदम उठून बसला, कारण शेवटचे दृश्य तसेच होते.

काकांनी ताईला पडदा लावायला सांगितले. गाडीच्या चाकाची एक जुनी ट्यूब त्यांनी सकाळीच आणून ठेवली होती, तिच्यात थोडे पाणी आणि थोडी हवा भरली होती. ती मांड्यांवर घेऊन ते खडीवर बसले. एवढे दिवस त्यांनी स्वतःचे पोट कानाने नाही, आतून ऐकले होते. आवाज कुठे जन्मतो, कुठल्या वळणावर अडतो, कुठे दम खातो, हे त्यांना ठाऊक होते. परवा तर त्यांनी तो मेहुण्याच्या पोटात समोर बसून बघितलाही होता. पडद्यावर प्राण्याने मान वळवली. काकांनी डाव्या कोपराने ट्यूब दाबली आणि उजव्या तळव्याने ती हवा पाण्याखालून पुढे ढकलली. ती वळणावर अडखळली. काकांनी तिला अडखळू दिले. मग हळूहळू कोपराचे वजन सोडले आणि आवाज खाली गेला, आणखी खाली गेला, आणि पडद्यावरचे पाणी सपाट झाले तरी कुठेतरी जातच राहिला.

ताईने बटण बंद करायला बराच उशीर केला. हमालांपैकी एकजण म्हणाला, की गेला बिचारा.

दिग्दर्शकाने तिथूनच मालकाला फोन लावला. तो काय म्हणाला, ते सगळ्यांनी ऐकले. उपकरण बघितले, म्हणाला, पण ते हलवता येत नाही. ते या खड्ड्यांच्या मधोमध पक्के बसवलेले आहे. उचलायला गेलो तर बिघडेल. खोलीसकट लागेल आणि पुढच्या सगळ्या सिनेमांसाठी लागेल. पलीकडून मालक काहीतरी बराच वेळ बोलला. दिग्दर्शकाने फोन ठेवला आणि मान डोलावली. खोली राहिली.

हमालांनी गादी पुन्हा गुंडाळली. न्यायला काही नव्हतेच, तर काकांनी त्यांना डब्यासमोर बसवून घेतले. दिग्दर्शकाचे मात्र डोके पुढच्या सिनेमात शिरले होते. त्यात एक भूत आहे, त्याने सांगितले, जन्मोजन्मीचे उपाशी. ते आले की आधी त्याच्या पोटाचा आवाज यायला हवा.

"देतो की वाजवून," काका डब्याचा दुसरा कप्पा उघडत म्हणाले. "पण आधी जेवू द्या."